बारीक चोचीचा चिटको

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. त्यातली तीसएक वर्षं मी यांना "जरा गप ऱ्हवा" म्हणण्यात घालवली. दोन हजार सहाच्या जूनमध्ये यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. काय हवं ते यांना सांगता येईना आणि मला कळेना. घर खायला उठायचं.

मिठबावला खाडीलगत आमचा भाताचा कुणगा, म्हणजे लहानसं खाचर आहे. कापणी लागली तेव्हा धाकटे दीर सत्यवान यांनी यांना खुर्चीसकट बांधावर आणून बसवलं. मी आणि शेजारची शेवंती कापत सुटलो. खालच्या पाणथळ कोपऱ्याकडे वळलो, तसे हे डावा हात झाडत नुसतंच आ-आ करून ओरडायला लागले. पाणी दिलं, ते सांडलं. घरी जायचं का विचारलं, तर मानेनेच नाही. छत्री धरली, ती भिरकावली. माझाही पारा चढला.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक पक्षी उडाला, चिमणीहून लहान, अंगावर तपकिरी रेघा. भात खायला आलाय म्हणत शेवंतीने ढेकूळ उचललं. यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. शेवंतीचा हात धरून मी यांना विचारलं, "चिटको?"

यांनी डोळे उघडले.

दर कापणीला हे त्या पक्ष्याचं पुराण लावायचे. मी आठवेल तसं म्हणत गेले, "भात खाणाऱ्याची चोच जाड. हेची सुयेसारखी बारीक. ह्यो किडेच खाता. हेलकावे घेत उडता, दर हेलकाव्याक एकदा चिट करता. शेपटेच्या टोकाक पांढरा."

प्रत्येक खुणेला यांची मान हलत होती. पुढचं आठवेना. यांनी डावं बोट वर, आभाळाकडे केलं. चिटको किडा घेऊन मुकाट आला आणि कोपऱ्यातल्या गवतात सरळ खाली उतरला. मी पाती बाजूला केली. कोळ्याच्या जाळ्याने शिवलेली चिमुकली पिशवी, आत उघड्या चार चोची.

तेवढं भात मी उभं ठेवायला सांगितलं. दाणे झडतील, शेवंती म्हणाली. झडू देत.

मग मी यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "तुमचा सगळा मी आयकलेला आसा."

निम्मं खोटं होतं. यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. न ऐकलेलं ते निम्मं आता मला कोण सांगणार, या विचाराने मी हमसून रडले.