अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सूर्यमाला

सीमा मॅडमचं एकच म्हणणं होतं. पोरांनी एखादी गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिली की ती मरेपर्यंत विसरत नाहीत. बावीस वर्षं त्यांनी पालिकेच्या शाळेत फळ्यावर खडूने गोल काढून सूर्यमाला शिकवली होती. आणि दर वर्षी पोरं पेपरात चंद्राला तारा करून ठेवत. म्हणून यंदा काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीच्या मंडळाने गणपतीला ‘आपली सूर्यमाला’ हा देखावा ठरवला, तेव्हा मॅडम लहान मुलीसारख्या खूश झाल्या. संहिता त्यांनीच लिहिली आणि स्पीकरवरचा आवाजही त्यांचाच. शाळेतली सहावी ‘ब’ रांगेने येऊन देखावा बघणार होती.

घोडं अडलं ते फोटोंपाशी. यंदा मंडपाबाहेर बॅनर लावायला परवानगी मिळाली नाही. मग कार्यकारिणीचे फोटो लावायचे कुठे? फोटोंशिवाय गणपती म्हणजे काय, नुसता गणपतीच की!

“ग्रहांवर लावू या,” अध्यक्ष जगदीशभाऊ म्हणाले. सूर्य अर्थात त्यांचा.

उपाध्यक्ष नानांच्या वाट्याला बुध आला. कागदाच्या लगद्याचा तो गोळा हातात घेऊन नाना भडकले. “अगं सीमा, चाळीस वर्षं मंडळात हाडं झिजवली आणि मला हे लिंबू?”

“नाना, सूर्याच्या सगळ्यात जवळ तोच असतो.”

“जवळचा मान मला पाहिजेच. पण साइज बघ ना!”

झालं! भलाथोरला गुरू उचलून सूर्याच्या शेजारी आला आणि बुधाची रवानगी टोकाला झाली.

सेक्रेटरी हेरंब मंगळ बघून दोन पावलं मागे सरला. “मॅडम, आमच्या मेघनाला स्थळं येतायत. बापाचा फोटो मंगळावर दिसला तर लोक काय समजतील? प्लीज, हा काढाच.” मंगळ निघाला. शनीला तर कोणी हातच लावेना. मंडळाला साडेसाती नको, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. शनीचा गोळा पडद्यामागे स्पीकरखाली टेकू म्हणून गेला.

“पण हे कडं मस्त बनवलंय रे,” हेरंब म्हणाला. “फुकट कशाला घालवायचं? सूर्याला लावू. भाऊंच्या गळ्यात हार घातल्यासारखं दिसेल.”

आता मॅडमचं डोकं सणकलं. “सूर्याला कडं? अहो, तो तारा आहे, स्वतःच्या प्रकाशाने तळपणारा. ग्रहांना स्वतःचा प्रकाश नसतो, ते सूर्याच्या उजेडात दिसतात. एवढं तरी बरोबर ठेवाल की नाही?”

“हे एकदम करेक्ट,” जगदीशभाऊ कमिटीकडे नजर फिरवत म्हणाले. “हे दोनदा घ्या. फक्त पुढे तुम्ही ‘मध्यम आकाराचा तारा’ लिहिलंय, ते मध्यम जरा खटकतं. सगळ्यात मोठा करा ना.”

“भाऊ, हे खोटं आहे.”

“मग राहू दे सूर्यमाला. राजमहालाचा रेडीमेड सेट आहे एकाकडे. आज सांगितला की उद्या उभा.”

मॅडमच्या डोळ्यांपुढे सहावी ‘ब’ आली. राजमहालात बिचारी पोरं काय बघणार? निदान ग्रह फिरताना तरी दिसतील. वर्गात नंतर समजावून सांगता येईल, असं मनाशी म्हणत त्यांनी सगळं मंडळाला हवं तसं नव्याने रेकॉर्ड केलं. स्पष्ट, शुद्ध, वर्गात वाचतात तसं.

पोरं आली. मान वर करून बघतच राहिली. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या प्राचीने तर टाळ्या पिटल्या आणि मॅडमना गहिवरून आलं. मंडळाला विभागातलं शैक्षणिक देखाव्याचं पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला अख्खी ग्रहमाला स्टेजवर चढली. मॅडमना खाली तिसऱ्या रांगेत खुर्ची होती.

विसर्जनानंतर शाळा सुरू झाली. आधी कोजागिरीचा हस्तलिखित अंक आला, मग क्रीडास्पर्धा. समजावून सांगायचं राहून गेलं आणि चाचणी परीक्षा आली.

बेचाळीस पेपर. सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह? गुरू. कडं कोणाला असतं? सूर्याला. एकूण ग्रह? सहा. एकानेही चंद्राला तारा म्हटलं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या वर्गाचं उत्तर सारखं होतं. मॅडमचं लाल पेन शेवटच्या पेपरावर थांबलं.

तेवढ्यात प्राची विज्ञानाचं पुस्तक घेऊन टेबलापाशी आली. सूर्यमालेचं पान उघडलेलं. बुध पेन्सिलीने नीट खोडून तिथे गुरू लिहिला होता. मंगळावर आणि शनीवर फुली होती.

“मॅडम, पुस्तकात चुकलंय,” ती हळूच म्हणाली. “मी दुरुस्त केलं. मंडपात तुमचा आवाज होता ना, म्हणून मला कळलं.”