एक्कामहाराजांचा कॅट

हॉलच्या दारात चपलांचा ढीग होता आणि आत माणसांचा. पंखे चार, त्यांतले फिरणारे दोन. घाम आणि अत्तर मिसळून असा काही वास सुटला होता की रुमालातूनही नाकात शिरत होता. समोर गुबगुबीत गादीवर एक्कामहाराज बसले होते. हातात पत्त्यांचा कॅट, करंगळीचं नख बोटभर वाढलेलं.

"पानं किती?"

"बावन्न!" गर्दी ओरडली.

"वर्षाचे आठवडे?"

"बावन्न!"

"मग हा काय खेळ आहे?"

"नाही!"

शाळेत पाढे म्हणतात तसं चाललं होतं. बावन्न आठवड्यांनंतर वर्षात एक दिवस उरतो, तो महाराज कुठे ठेवतात, हे कुणी विचारलं नाही.

एका बँकेतल्या साहेबांना पुढे बोलावलं. साहेबांनी एक पान ओढलं, गर्दीला दाखवलं. तेवढ्यात महाराजांनी उरलेला कॅट कपाळाला लावला, छातीला लावला आणि पुन्हा पुढे धरला. साहेबांनी पान आत सारलं आणि घाम फुटेस्तोवर कॅट पिसला. महाराजांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. त्यांनी अंगठा जिभेवर ओला केला, कॅट चाचपला आणि एक पान उपसलं. बदामची राणी. साहेबांचीच! टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या थोरलीनं हात मांडीखाली दाबून धरले. मागच्या रविवारी तिनंही अशाच टाळ्या वाजवल्या होत्या. आठवडाभर तिला त्या दोन तळव्यांची किळस येत होती.

शेजारी तिची धाकटी जाऊ बसली होती, पदराखाली हात घेऊन. पदराखाली डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनसाठी शुक्रवारची तारीख दिली होती. "गाठ लहान आहे, आत्ता पूर्ण निघेल. लांबवलंत तर मग मला शब्द देता येणार नाही," असं स्पष्ट सांगितलं होतं. पण मागच्या रविवारी महाराजांनी धाकटीसाठी तीनदा पान काढलं आणि तिन्ही वेळा इस्पिकचा एक्काच आला. महाराजांनी सांगितलेला अर्थ असा की अंगाला सुरी लावायची नाही. आज महाराज तो एक्का तिला देणार होते. थुंकी लावलेलं ते पान चाळीस दिवस गाठीवर बांधून ठेवायचं!

धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, तर हरखून गेला होता. "वहिनी, तीनदा! बावन्नातून तीनदा तेच पान! नशीब आणखी कसं बोलणार?"

थोरली बावीस वर्षं एका बाइंडिंगखान्यात कटिंगच्या टेबलावर होती. जेवणाच्या सुट्टीत बायका रमी खेळत आणि बहुतेक वेळा तीच जिंकायची. "तुझं नशीबच जोरावर," बायका म्हणायच्या.

"नशीब कसलं डोंबलाचं," ती म्हणायची. "पान कोणतं येईल ते माझ्या हातात नाही. पण कॅटमध्ये एक्के चारच, कॅट काही पाचवं पिल्लू घालत नाही. तीन पडलेले दिसले, की चौथ्यासाठी किती झुरायचं ते मला कळतं. तुम्ही गप्पा मारता, मी पडलेली पानं बघते."

अशा बाईला तीनदा आलेला एक्का आठवडाभर दाताखालच्या खड्यासारखा टोचत होता. नशीब इतकं आज्ञाधारक नसतं, हे तिला जेवणाच्या सुट्ट्यांनी शिकवलं होतं.

"डोकं चालवणारा हरतो!" महाराज गरजले. "डोकं बाहेर ठेवून या, चपलांशेजारी!"

"चपलाच जागेवर राहतात की नाही, त्याची शंका आहे," थोरली पुटपुटली. धाकटीला हसू आलं आणि लगेच तिनं ते गिळलं.

मग धाकटीला गादीपुढे बसवलं. महाराजांच्या डोळ्यांवर पट्टी चढली. "घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं पानं पिसावीत."

थोरली उठली. कॅट हातात आला तो चिकट, कोमट, अत्तरानं माखलेला. तिच्या अंगावर काटा आला. तरी तिनं पिसला. आणि मग हातांनी सवयीनं, तिला न विचारताच, आपलं काम केलं. थप्पी सरळ व्हावी म्हणून आधी लांब कड गादीपुढच्या चौरंगावर ठोकली, मग आखूड कड. तिनं लांब कडेवरून बोट फिरवलं. बाकी कड गुळगुळीत, पण मध्येच एक पान केसभर बाहेर. पुन्हा ठोकलं, तरी तेच.

बाइंडिंगखान्यात थप्पीची कड अशी बोटाला खटकली, की कामगार एकच गोष्ट करतो. अर्धी थप्पी उचलायची, गोल फिरवून उरलेल्या अर्ध्यावर उलट्या टोकानं ठेवायची. कडा जुळल्या तर कटाई चौकोनी. नाही जुळल्या तर सुरी तिरकी चालली.

थोरलीनं अर्धा कॅट फिरवला. कडा जुळल्या नाहीत. प्रत्येक पान एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला जरासं निमुळतं होतं. बावन्नच्या बावन्न.

कुणीतरी कटरवर बसून, माप लावून, हे केलं होतं. तिच्याच धंद्यातल्या कुणीतरी. आणि त्या मापावर तिच्या जावेचा जीव टांगला होता.

दोन्ही अर्धे एकमेकांत पिसून तिनं कॅट महाराजांच्या हातात दिला.

महाराजांनी तोंड छताकडे केलं, अंगठा चाटला, ओठ हलवले आणि पान ओढलं. अर्धा कॅटच हातात आला! गर्दी चक्रावली. महाराजांनी घाईघाईनं त्यातलंच एक पान वर धरलं. "इस्पिकचा एक्का! सुरी नको!"

हातात चौकटची दुरी होती.

"दुरी आहे, महाराज," धाकटी हळूच म्हणाली.

पट्टी ओढून, पानं गादीवर आपटून महाराज खेकसले, "संशयी हात लागले! पानं विटाळली!"

"पानं मी नाही विटाळली, कटाई केली त्यानं विटाळली," थोरली म्हणाली.

"वहिनी, बसा खाली! शोभतं का?" दीर ओरडला.

"भाऊजी, बायकोच्या जिवापुढे शोभा बघता? या इकडे, बोट लावा."

तिनं गादीवरची पानं गोळा करून सगळी निमुळती टोकं एका बाजूला केली. फक्त इस्पिकचा एक्का उलटा फिरवून मध्ये खुपसला. कॅट धाकटीच्या हातात दिला. "पीस, हवं तितकं. पिसल्यानं पान फिरत नाही, नुसतं जागा बदलतं. आता डोळे मीट. निमुळत्या टोकाशी दोन्ही कडा चिमटीत धर. एक पान बाहेर आल्यासारखं लागतंय?"

"हो."

"ओढ."

इस्पिकचा एक्का सुळकन बाहेर आला.

"तो कपाळाला कॅट लावतो ना, तेव्हाच कॅट उलट्या टोकानं फिरवून घेतो. म्हणून तुमचं पान आपोआप उलटं बसतं. एक्का तर आधीच उलटा घालून ठेवलेला," थोरली साहेबांना म्हणाली. साहेब चष्मा पुसत राहिले.

धाकटी त्या एक्क्याकडे बघत होती. "एवढंच?"

"एवढंच गं."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. महाराज मागच्या दारानं कधी गेले ते कळलं नाही. अत्तर मात्र मागे राहिलं. एक गृहस्थ तेवढ्यात म्हणालेच, "पानं खोटी असतील, पण शक्ती खरी होती." आणि गादीवरची चार पानं त्यांनी खिशात घातली. अशा माणसांपुढे थोरलीनंही हात टेकले.

दीर खालच्या मानेनं चपला शोधत होता. त्यानं आधी थोरलीच्या शोधल्या.

घरी आल्यावर थोरलीनं साबणानं दोनदा हात धुतले. धाकटी टॉवेल घेऊन उभी होती. "ताई, माझं पान वाईटच आलं ना पण?"

"वाईट आलं. ते नशीब, आणि त्याच्यावर कुणाची सत्ता नाही. पण डाव अजून तुझ्या हातात आहे. डॉक्टरीणबाईंनी असे कितीतरी डाव बघितलेत, कोणतं पान कधी टाकायचं ते त्यांना ठाऊक आहे. त्यांचं ऐकायचं. डोळ्यांवर पट्टी बांधून तुझ्यासाठी पान काढतो म्हणणाऱ्याचं नाही. असा कुणी भेटला, की आधी कॅट मागायचा, ठोकायचा आणि कडेवरून बोट फिरवायचं. देतो म्हणाला तर बघू. नाही म्हणाला तर तिथंच कळलं."

धाकटीनं टॉवेल पुढे केला.

"शुक्रवारी किती वाजता जायचंय?" तिनं विचारलं.

"सातला. उपाशीपोटी," थोरली हात पुसत म्हणाली.

"गजर मी लावते," धाकटी म्हणाली.