पाखऱ्याचा पासवर्ड

श्रीपतीचा जगात कुणावरच विश्वास नव्हता, आणि आपल्या या गुणाचा त्याला भारी अभिमान होता. पवनानगरच्या अलीकडच्या त्या वाडीत त्याच्या पाखऱ्यासारखा पळणारा बैल दुसरा नव्हता, हे खरंच. पण म्हणून माणसानं इतकं करावं? गोठ्याला चहूकडून ताडपत्री, बैलाच्या गळ्यात काळा दोरा, दाराला लिंबू-मिरची. पाखऱ्याला खायला काय घालता म्हणून सख्ख्या मेव्हण्यानं विचारलं, तरी हा "गवत" एवढंच सांगून विषय बदलायचा. त्याची बायको रेणुका हे सगळं बघायची आणि पदराआड हसायची. ज्या बैलाला वासरू असल्यापासून तिनं हातानं भरवलं होतं, त्याच्या गोठ्यातून ती बाहेर आली, की नवरा तिलाच विचारायचा, कुणी बघितलं तर न्हाई?

यात्रा आणि तिच्यातली बैलगाड्यांची शर्यत तोंडावर आली आणि तिचं हसू मावळलं. सरावात पाखऱ्याचा पुढचा उजवा पाय खुराच्या वर मुरगळला. सूज आली. बैल तो पाय अलगद टेकवायचा आणि लगेच उचलून घ्यायचा. डॉक्टरला बोलवा म्हणून रेणुकानं दोनदा सांगितलं. पण डॉक्टर आला म्हणजे गावाला कळणार, गावाला कळलं म्हणजे रखमाजी आबांना कळणार. शर्यतीत पाखऱ्याच्या जोडीला आबांचा बैल जुंपायचा ठरला होता, आणि आबांच्या बैलाशी जोडी जुळणं म्हणजे मावळात मोठा मान. तो मान सोडायचा कसा? मलम लावून वरून पट्टी बांधली, की तेवढ्या वेळापुरता पळेल, असा श्रीपतीनं हिशेब केला. भर घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, पळता पळता तो पाय मोडला तर पुढं काय, हा हिशेब त्यानं केला नव्हता. रेणुकाला रात्रंदिवस तोच दिसत होता. मोडल्या पायाचा बैल किती दिवस दावणीला राहतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आता गोठ्याजवळ कुणी फिरकता कामा नये म्हणून श्रीपतीनं कॅमेरा लावायचं काढलं. तो नवलाख उंबरे गावच्या एका कंपनीत माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचा. अंग तिकडं आणि जीव इकडं. कुसगावातून संदेशला बोलावलं. तो तिकडच्या बंगल्यांना वायफाय आणि कॅमेरे बसवून द्यायचा. संदेशनं कॅमेरा टांगला, मोबाईलमध्ये ॲप घालून दिलं आणि झालं म्हणाला. श्रीपतीनं विचारलं, चित्र इथनं माझ्यापर्यंत येतं कसं? संदेश भोळेपणानं म्हणाला, कॅमेऱ्याच्या कंपनीचा कॉम्प्युटर असतो परदेशात, त्याच्यामार्फत. मग काय विचारता! आपला बैल आधी परदेशातला कोण कुठला माणूस बघणार आणि मग आपण, हे श्रीपतीच्या पचनी पडेना. त्याला मधला कुणी नको होता. गोठ्यातून थेट त्याच्या हातात, असं पाहिजे होतं.

संदेशनं मग घरातल्या राउटरसमोर बैठक मारली आणि समजावून सांगितलं. राउटर म्हणजे घराचा दरवान. बाहेरून आलेल्या कुणालाच तो आपणहून आत घेत नाही. त्याला शिकवायचं, की बाहेरून अमुक नंबरच्या दारावर कुणी थाप मारली तर त्याला सरळ गोठ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. दुसरीही एक तऱ्हा असते, ट्रिगरिंगची. तिच्यात आतून कुणीतरी आधी हाक द्यावी लागते, तेव्हाच दार उघडतं, आणि काम संपलं की आपोआप लागतं. श्रीपतीला ते लागणारं दार आवडलं. पण गोठ्यातून हाक कोण देणार, पाखऱ्या? असं त्यानं विचारल्यावर संदेशलाही कबूल करावं लागलं, की कॅमेऱ्याला ते कामाचं नाही. तेव्हा कायम उघडं राहणारं दारच ठरलं.

"भाऊ, एकच सांगतो," संदेश म्हणाला. "ह्ये दार तुमच्यासाठी उघडं म्हंजी सगळ्यांसाठीच उघडंय. मधी उभा असतो तो फकस्त पासवर्ड. तो अवघड ठेवा."

अवघड म्हणजे किती? श्रीपतीनं संदेशला ओसरीवर बसवलं, बायकोलाही खोलीबाहेर काढलं, खिडकी लावून घेतली आणि आत बसून एकेक अक्षर दाबलं. बाहेर आला तो सरकारी तिजोरीची किल्ली कनवटीला लावल्याच्या थाटात. रेणुकाला त्यानं काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. ज्या माणसाच्या डोक्यात एका बैलापलीकडं काही शिरत नाही, तो पासवर्ड काय ठेवणार! ते नाव त्याच्या टेम्पोवर मागंपुढं रंगवलं होतं, वाडीतल्या पोरांच्या टी-शर्टवर छापलं होतं, आणि प्रत्येक यात्रेत कर्णा लावून दहा गावांना ऐकवलं जात होतं. आणि हा ते खिडकी लावून लिहीत होता.

दुसऱ्याच दिवशी कंपनीतल्या जेवणाच्या सुट्टीत श्रीपतीनं आणखी एक शहाणपण केलं. पाखऱ्या मोबाईलवर इतका देखणा दिसला, की त्याला राहवलं नाही. बैल नुसता उभा होता, लंगडेपण काही दिसत नव्हतं. त्यानं पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'वाघावर चोवीस तास नजर'. त्या फोटोत वरच्या बाजूला कॅमेऱ्याचा सगळा पत्ता, दाराच्या नंबरासकट, स्वच्छ वाचता येत होता. ताडपत्री लावून लपवलेला गोठा त्यानं स्वतःच्या हातानं साऱ्या बैलवाल्यांच्या खिशात नेऊन ठेवला, आणि दिवसभर आलेले अंगठे मोजत बसला.

इकडं रेणुका रोज दुपारी गोठ्यात जायची. मिठाच्या गरम पाण्यात फडकं बुडवून पाय शेकायची आणि शेकता शेकता बैलाशी बोलायची. घरात तिचं ऐकून घेणारा तेवढा एकच जीव होता. "तुला जुंपायचंच म्हणतोय त्यो," ती सांगायची. "आबांच्या पंगतीला बसायची हौस लय. तुजा पाय मोडला तर मोडू दे, ह्याचा फेटा ढळाया नगं. आन् म्हणं मी बैलवाला." वर टांगलेल्या त्या काळ्या डोळ्याची तिला पर्वा नव्हती. नवऱ्यानं बघितलं तर बघू दे. तोंडावर सांगून तरी कुठं ऐकत होता? पण कंपनीत यंत्रांचा गदारोळ, म्हणून श्रीपती नुसतं चित्र बघायचा. त्यात त्याला पाय शेकणारी बायको दिसायची, आणि पाय बरा होतोय असं वाटून तो खुशीत यायचा.

यात्रेच्या आदल्या दिवशी रखमाजी आबा जीप करून आले. पांढरा फेटा, हातात काठी, चेहऱ्यावर काहीच नाही. श्रीपतीची तारांबळ उडाली. त्यानं चहा टाकायला सांगितलं, घोंगडी अंथरली, गोठ्याकडं पाठ होईल अशा बेतानं त्यांना बसवलं आणि पाखऱ्या कसा तयारीत आहे ते रंगवून सांगू लागला. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"लंगडतोय त्यो," ते म्हणाले.

कोण म्हणतं असं, श्रीपती उसळला. जळणारी माणसं काहीही उठवतात, आबांनी असल्या वावड्यांवर विश्वास ठेवू नये.

"चार दिस बघतोय मी. माज्या नातीनं बैलाचं नाव टाकलं, पैल्या झटक्यात उघडलं. समदं खोरं बघतंय, श्रीपती. चित्रामागं आवाजबी येतोय."

श्रीपतीचा चेहरा पार उतरला. पण हार मानेल तो श्रीपती कसला! बाईमाणूस आहे, बैलाच्या मायेनं काहीबाही बडबडते, तिचं काय धरायचं, असं तो म्हणाला आणि बायकोकडं असं बघितलं, की तिनं तिथल्या तिथं मान डोलवावी.

आबा रेणुकाकडं वळले. "पोरी, तू सांग. माजाबी बैल त्याच्या शेजारी पळायचाय."

तिनं चहाची कपबशी आबांसमोर ठेवली. मुक्या जनावराला सांगणं निराळं आणि नवऱ्यादेखत पाहुण्याला सांगणं निराळं. या घरात आल्यापासून तिनं परक्यासमोर त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आता पडला, तर पुढं किती दिवस घरात अबोला राहील, हे तिला पक्कं माहीत होतं. तिला भीती वाटली. मग त्या भीतीचाच तिला राग आला.

"व्हय आबा, लंगडतोय," ती म्हणाली. "उद्या पळवला तर पाय जाणार त्याचा."

"माझी अब्रू घालवलीस," श्रीपती दातओठ खात म्हणाला.

"तुमची अब्रू फेट्यातली. उद्या दुसरा कुणी फेटा बांधंल, मिळंल माघारी. त्याचा पाय कुटनं आणायचा?"

आबा उठले. जोडी मोडल्याचं त्यांनी शांतपणे सांगितलं, चहा मात्र पूर्ण प्यायले. जीप गेल्यावर श्रीपतीनं आधी राउटरची वायर उपटली आणि मग बायकोशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या डोंगरउतारावर घाट भरला. रेणुका गोठ्यात पाय शेकत बसली होती. आज ताडपत्री तिनंच वर गुंडाळून टाकली होती, उजेड आत येत होता आणि कर्णाही स्पष्ट ऐकू येत होता. निवेदक सांगत होता, की मुक्या जनावरावर पोटच्या पोरासारखी माया करणारे, बैलाच्या पायाला जरा लागलं म्हणून आबांच्या जोडीचा मान आपणहून सोडणारे, असे आदर्श गाडामालक श्रीपती, यांनी व्यासपीठावर यावं आणि फेटा बांधून घ्यावा. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. त्या टाळ्यांत नवरा कशी मान लववत असेल, हे तिला बसल्या जागी दिसलं.

ती इतकी हसली, की फडकं हातातून पाण्यात पडलं. मग हसता हसता तिला रडू फुटलं, आणि ते आवरायचं तिनं मुळीच मनावर घेतलं नाही. पाखऱ्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. तो उजवा पाय जमिनीवर टेकवून उभा होता.