लाकडी बुटाच्या फटीतून

मित्रांनो, शेवटी आम्ही सगळे वाफेत उकडून मेलो. असो. तसं काही झालेलं नाही, तुम्ही निवांत बसा.

मी एक जुना सूत्रकृमी आहे. मी दोऱ्याहूनही इतका बारीक आहे की मला आजवर कोणी रागानेसुद्धा पाहिलेलं नाही. माझा जन्म नेदरलँड्सच्या लिम्बुर्ख भागात, एका अंधाऱ्या खोलीत, बटण मशरूमच्या बेडवर झाला. माझ्या तोंडात सुई आहे. कंपोस्टमध्ये पसरलेल्या मशरूमच्या पांढऱ्या तंतूंना ती टोचायची आणि रस प्यायचा, एवढंच माझं शिक्षण. आम्ही लाखोंनी जेवलो की बेड खचतो, काळा पडतो, घाण वास मारतो आणि मशरूम उगवत नाही. तरुणपणी मला याचा अभिमान होता.

मग मी वाफेबद्दल ऐकलं.

पीक संपलं की खोली बंद करून आत वाफ सोडतात. ती पाहून आमच्यातलं कोणीही परत आलेलं नाही. त्यामुळे तिच्याबद्दल खात्रीची माहिती नाही, नुसती भीती आहे.

मी वाचलो तो खोलीच्या मालकामुळे, श्येंग म्हाताऱ्यामुळे. तो लाकडी बूट घालून बेडमधून हिंडायचा. वाफ सोडली की घरी कॉफीला जायचा आणि रीतीप्रमाणे बूट स्वयंपाकघराच्या दाराशी काढायचा. फरशी स्वच्छ राहायची. बुटाच्या फटीत मी वाळून, वेटोळं करून झोपायचो. वाफ निवली की तेच बूट चढवून तो मला परत जेवायला न्यायचा.

एकदा दाराशी असताना अर्धवट झोपेत त्याच्या मुलीचा, फीनचा आवाज आला.

"बाबा, खोली उकडली, ट्रे उकडले, फावडीसुद्धा उकडली. तरी बेड खचलाच. पुढचंही पीक गेलं तर खोलीला कुलूप, आणि मी फुलांच्या गोदामात कामाला."

"जा की. ट्यूलिप उलट बोलत नाहीत, तुझं जमेल."

"थट्टा पुरे. खोलीत पायात काय घालता तुम्ही?"

"तुझ्या आजोबांनी कोरलेले बूट. रोज पुसतो. माझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहेत."

"ते काही अवघड नाही, बाबा."

तिने बूट उचलला आणि बटाटे सोलायची सुरी फटीत घातली. सुरीवर काळं कंपोस्ट आलं. श्येंगने हातातलं बिस्किट परत डब्यात ठेवलं. मित्रांनो, त्या घरात कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं. ते कोणी परत ठेवत नाही.

"जाळू नकोस गं," तो हळूच म्हणाला.

"जाळत नाही. खोली पुन्हा उकडते, त्यात हेही ठेवते. आधी भिजवते, कोरडे किडे वाफेला दाद देत नाहीत."

पाणी आलं की आम्ही जागे होतो. आजवर पाणी म्हणजे जेवण. या वेळी डोकं वर काढलं तर चहूकडे रिकामी खोली होती आणि दार बाहेरून लागत होतं. नळीत काहीतरी फुसफुसतंय. बूट कोमट होतोय. फटीतले शेजारी विचारतायत, जेवण कधी येणार. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही.

सबब, माननीय खोलीमालकांना नम्र विनंती की, वाफेची झडप उघडण्यापूर्वी सर्व रहिवाशांची लेखी संमती घ्यावी व सर्वांच्या सह्या येईपर्यंत कार्यवाही स्थगित ठेवावी. आम्हाला हात नसल्यामुळे सह्यांना थोडा वेळ लागेल.