दुधात बुडवलेले हात

आमच्या काचघराच्या दाराशी दुधाचं पातेलं असतं. आत जाणाऱ्यानं आधी त्यात हात बुडवायचे, मगच तंबाखूच्या रोपांना शिवायचं. लोक हसतात. हसू देत मेले! सिगारेटच्या तंबाखूत रानटी विषाणू दडलेला असतो आणि दुधानं तो लुळा पडतो.

आम्हीही विषाणूच वापरतो, पण माणसाळवलेला. त्याच्यात माणसाचा एक जनुक बसवून तो रोपाला टोचला, की पानं माणसाचं प्रथिन बनवू लागतात. माझ्या ताईच्या लेकीच्या, चिमणीच्या अंगात नेमकं तेच बनत नाही. पोर वाळत चालली होती. या रोपांचं औषध पहिल्यांदा तिलाच मिळणार होतं.

रोपांना विषाणू टोचायच्या आदल्या दिवशी दाजी आले. "एकदा बघू दे गं, माझ्या लेकीचं औषध." साहेबांनी परवानगी दिली. दाजींनी कोपरापर्यंत हात बुडवले. मग एकेका रोपाला कुरवाळत म्हणाले, "सांभाळा हं माझ्या पोरीला." मला भरून आलं.

पुढे पानांवर पिवळे-हिरवे डाग उठले. तपासलं, तर रानटी विषाणू. एका म्यानात दोन तलवारी राहतात होय? आमच्या विषाणूला त्यानं आत थाराच दिला नाही. सगळी रोपं जाळावी लागली.

बाहेरचे असे एकटे दाजीच आत आले होते. मी तणतणत ताईकडे गेले. "दाजी, दुधात बुडवल्यावर हात आणखी कशाकशाला लावलेत?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला. "ओले होते म्हणून पुसले." त्याच खिशात सिगारेटचं पाकीट. रुमालाच्या घडीत तंबाखूचा चुरा.

"नुसतं गप उभं राहता आलं नाही का हो तुम्हाला?" मी ओरडले. ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

आता नवी रोपं लावलीत. तोवर चिमणी तग धरेल का, डॉक्टर सांगत नाहीत.

काल गेले, तर चिमणीनं दाजींकडे हात पसरले. त्यांनी आपले हात पाठीमागे नेले. ताई माझ्या कानाशी म्हणाली, "तू ओरडलीस तेव्हापासून लेकीला शिवले नाहीत गं."

"अहो, तो पानांचा रोग! माणसाला होत नाही. घ्या ना तिला!"

त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघरात गेले, पातेल्यात दूध ओतलं, कोपरापर्यंत हात बुडवले आणि न पुसता तसेच येऊन तिला उचललं. तिच्या फ्रॉकवर दूध ठिबकत राहिलं.

"बाबा, गार लागतंय," चिमणी म्हणाली आणि त्यांच्या गळ्याला आणखीच बिलगली.