मिगच्या पाठीवरची रांगोळी

ठक्.

दुपारच्या शांततेत फरशीवर आबांची काठी वाजली आणि माझा ब्रश जागीच थांबला. चार वर्षांची क्रांती आत झोपली होती. ती झोपली की मला पाऊण तास मिळतो, फार तर तास. त्यात भांडी, धुणं, आईला फोन. आणि गेला महिनाभर, घरात कुणाला कळू न देता, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून रंगवत असलेलं एक वीतभर विमान.

ठक्. ठक्. मी घाईघाईनं ते पिठाच्या डब्यामागं सरकवलं. शेपूट बाहेरच राहिलं.

"एवढं दचकायला काय झालं गं पोरी?" आबा दारात उभे. "आन् डब्यामागं मिग कुनाचं हाय?"

नुसत्या शेपटावरून ओळखलं! का ओळखणार नाहीत? माझे हे सासरे वीस वर्षं हवाई दलात होते, मिग-२१ विमानांना रंग द्यायच्या शेडमध्ये. गेल्या सप्टेंबरात ती विमानं निवृत्त झाली. चंदीगडला मोठा कार्यक्रम झाला, तेव्हा आबा गुडघ्याचं ऑपरेशन करून सांगलीच्या दवाखान्यात पडून होते. टीव्हीवर सगळं बघितलं. मी दिलेला चहा तसाच गार झाला.

आता येत्या रविवारी सांगलीत त्यांच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा होता. प्रत्येकानं नोकरीतली एक आठवण आणायची, असं ठरलेलं. कुणाकडं टोपी, कुणाकडं पाना, कुणाकडं फोटो. आबांकडं काहीच नव्हतं. "माजं समदं काम इमानाबरबर उडून गेलं," म्हणाले आणि हसले. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही. त्याच रात्री मी विमानाचं किट मागवलं.

"आबांना खोटं कौतुक जमत नाही हां," शिवतेजनं, माझ्या नवऱ्यानं, लेहहून फोनवर बजावलं होतं. "चुकलं असलं तर ते नेणारच नाहीत."

आबांनी विमान हातात घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं. पालथं केलं, सुलटं केलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसू दाबत होते!

"पोरी, ह्ये दारात मांडायचं हाय व्हय?"

मी बघितलं आणि मलाच कळलं. विमान रानात लपावं म्हणून काढलेले डाग, पण डाव्या पंखावर तीन हिरव्या पाकळ्या, उजव्या पंखावर अगदी तशाच तीन. कडा सुरीनं कापल्यासारख्या. संक्रांतीच्या रांगोळी स्पर्धेत दोनदा पहिली आलेय मी. डावीकडं पाकळी काढली की हात आपोआप उजवीकडं जातो, त्याला विचारायची गरज पडत नाही.

"वाईट दिसतंय का?" माझा आवाज जरा चिरकलाच.

"लय देखनं दिसतंय. तीच तर अडचन हाय! मानसाची नजर जोड हुडकती. डाव्यावानी उजवं दिसलं की वैरी म्हनतो, ह्ये झाड न्हवं, रान न्हवं, ह्ये कुनीतरी केलेलं हाय."

"मग रविवारी?"

"आसं न्हेलं तर आमच्या शेडमदला गुंडा सार्जंट मला मरूस्तवर चिडवंल." एवढं बोलून ते आत गेले आणि गुडघ्याच्या मलमपट्टीच्या डब्यातली स्पिरिटची बाटली घेऊन आले. "पूस. आजून चार दीस हायत."

पुसलं. महिनाभराच्या दुपारी कापसाच्या चार बोळ्यांत उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाकडंतिकडं काढलं, तर वाकडेपणासुद्धा दोन्हीकडं सारखाच वाकडा. तिसऱ्या दिवशी डावा पंख झाकून उजवा रंगवला. फडकं काढलं तर जुळी भावंडं! आबा खुर्चीत बसून "हात लय शिकल्याला हाय गं तुजा," असं म्हणत चहा ओढत होते. मला रडू येतंय की हसू, तेच कळेना.

तेवढ्यात क्रांती उठून आली, केस पिंजारलेले, एका गालावर उशीचे वळ. "मला पण."

मी "नको गं, राणी," म्हणणार, तोच आबांनी पंख पुन्हा पुसले आणि तिच्या हातात पेन्सिल दिली. "क्रांते, हितं डाग काढ."

"कसले?"

"म्हस चिखलात लोळली की पडत्यात न्हवं का, तसले."

जीभ बाहेर काढून तिनं डाग काढले. एक मोठा, एक इवलासा, एक पंखावरून घसरून पाठीवर आलेला. डावं उजव्याला ओळखही दाखवत नव्हतं. शेपटाजवळच्या डागाला मात्र तिला डोळा काढायचा होता, कारण ती कोंबडी होती.

"डोळा काढलास तर वैऱ्याला कोंबडी दिसंल," आबा गंभीरपणे म्हणाले. तिला ते पटलं.

तिच्या रेषांच्या आत मी हिरवा भरला. तपकिरी आबांनी मिसळून दिला. वाफसा आलेल्या रानाचा रंग, अगदी तस्साच, म्हणाले. कडांवर जवळजवळ कोरडा ब्रश टेकवत जायचं, म्हणजे रेघ उरत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. बोलता बोलता त्यांचा हात माझ्या हातावर आला आणि ब्रश दोघांनी मिळून फिरवला. पोटाला फिकट निळसर राखाडी दिला.

शनिवारी सकाळी आबांनी आम्हा मायलेकींना गच्चीवर पिटाळलं. "डोळं मिटा. मी म्हनंस्तवर उघडायचं न्हाई!"

खाली परसात हळदीचा वाफा आहे. पाला अर्धा हिरवा, अर्धा वाळत आलेला. आबा वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, हात रिकामे.

"उघडा! इमान दिसतंय का?"

मी वाकून वाकून बघितलं. पानं, माती, पानं. एक मांजर.

"नाही, आबा!"

"नीट बग!"

"खरंच नाही दिसत!"

आबांनी काठी वर करून हवेत हलवली. "मग उद्या न्ह्यायला हरकत न्हाई! काय म्हंतोय गुंडा, बगूच!" त्यांचा तो आवाज शेजारच्या तीन घरांत तरी गेला असेल. मी क्रांतीला उचलून गरागरा फिरवलं.

"आबा," ती माझ्या कडेवरून ओरडली, "पोट निळं कशाला केलं?"

"वरनं बगनाऱ्याला रान वाटावं, आन् खालनं बगनाऱ्याला आभाळ! कुनालाच कळाया नगं!"

क्रांतीनं हळदीच्या वाफ्याकडं बघितलं, मग मान मागं टाकून आभाळाकडं. मग माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडं वळवलं.

"आई, मग खालच्या माणसांनी लपायचं कधी?"