यादीतला चौदावा

नोलाने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि उघड्या तळव्याने खिडकीवरची वाफ पुसली. काच क्षणभर स्वच्छ झाली, पुन्हा धुरकटली. मग तिने मान तशीच ठेवून श्वास खांद्याकडे सोडायला सुरुवात केली. नजर काचेला द्यायची, श्वास खांद्याला. वडिलांनीच शिकवलं होतं.

खाली डोंगर पांढरे पडले होते. रात्रभर कोसळलेला बर्फ सकाळी दहाला थांबला होता आणि तेव्हापासून वाऱ्याने जणू दमच धरला होता. पाइनच्या फांद्या ओझ्याने झुकलेल्या होत्या. एकीवरचाही कण हललेला नव्हता.

"डोळे दुखत असतील तर दोन मिनिटं मीट," डॅरल म्हणाला. "मी नाही सांगणार कुणाला."

"तू पुढे बघ."

"पुढे काय बघू? ढग आहेत. गाभण गाईच्या पोटासारखे लोंबतायत. हे काही मला आवडत नाही."

डॅरल मॉस चाळीस वर्षं तालुक्याच्या गुरांचा डॉक्टर होता. आता निवृत्त झाला होता आणि पथकाचं हे चार आसनी विमान चालवत होता. पथकात पगार कुणालाच नव्हता. डोंगरात कुणी हरवलं की शेरीफच्या कचेरीतून फोन यायचा. मग गुरांच्या खाद्याच्या दुकानातली प्रू, रस्ते खात्यात कारकून असलेली नोला, कुणी शिक्षक, कुणी सुतार, हातातलं काम टाकून गणवेश चढवून धावपट्टीवर हजर व्हायचे. खरं तर विमानात तिसरा माणूस हवा होता, डावीकडच्या खिडकीशी. तो तापाने पडला होता. त्यामुळे आज विमानाला एकच बाजू होती, नोलाची.

काल दुपारी तीन वाजता क्लेम पेट्रिक नावाचा एकसष्ट वर्षांचा माणूस आपलं लहानसं विमान घेऊन खिंडीपलीकडे निघाला होता. तीन चाळीसला उपग्रहाने त्या विमानाचा संकटाचा इशारा पकडला. एक मिनिट. नेमकी जागा ठरायच्या आत तो बंद पडला. एवढ्या एका मिनिटाच्या आधारावर ते दोघे सकाळी अकरापासून डोंगर नांगरत होते: सरळ पट्टा, वळण, पुन्हा सरळ पट्टा.

नोला वडिलांच्या उशीवर बसली होती. नारिंगी, मधोमध चेपलेली उशी. आर्विड ट्वेट यांनी एकतीस वर्षं याच उशीवर बसून हा डोंगर पाहिला होता. पाच आठवड्यांपूर्वी ते गेले. ती उशी विमानातून काढायला कुणी धजावलं नाही, आणि आज सकाळी नोला तिच्यावर बसली तेव्हा डॅरल नको तितका वेळ इंधनाचा काटा बघत राहिला.

उजव्या काचेत काहीतरी चमकलं.

"थांब," ती म्हणाली. "खाली. चमकलं काहीतरी."

"विमान थांबत नाही, पोरी. कुठे?"

"कड्याखाली. झाडं संपतात तिथे. पत्रा आहे, डॅरल. पंखासारखं."

त्याने विमान कलतं केलं. घळ त्यांच्याखालून संथपणे फिरली. दोन कड्यांमधली ती अरुंद पांढरी चीर, आणि तिच्या तळाशी, बर्फाच्या गोलाईत, एक सरळ करडी रेघ. डोंगरात सरळ रेघ नसते, आर्विड म्हणायचे. दिसली तर समजायचं, माणसाने आणलीय.

"ही आंधळी घळ ना?" डॅरलने विचारलं. त्याचा आवाज सैल झाला. "मग तो तुमचा चौदा नंबर. यादी बघ."

यादी प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या खणात ठेवलेली असायची. डोंगरात पडलेली आणि उचलून आणणं परवडत नाही अशी बावीस जुनी विमानं. प्रत्येक शोधात ती नव्याने दिसायची, नव्याने काळजात धस्स करायची, तासन्‌तास वाया घालवायची. म्हणून आर्विड एकेका अवशेषापर्यंत पायी गेले, पंखावर हातभर लांबीची पिवळी फुली मारून आले, आणि घरी येऊन टंकलेखन यंत्रावर एकेक ओळ वाढवत गेले.

नोलाने वाचलं. "चौदा. आंधळी घळ, पूर्वेचा कडा, पायथ्याशी. न रंगवलेला पत्रा. दोन माणसं, दोघांनाही खाली आणलं. पिवळी फुली, डावा पंख."

"पेट्रिकचंही बिनरंगाचंच आहे," डॅरल म्हणाला. "पण ते इथे कशाला येईल? खिंड तिकडे राहिली."

आंधळ्या घळीत कुणी मुद्दाम येत नसे. लांबून ती खिंडीसारखीच दिसायची, आणि आत शिरल्यावर समोर कडा उभा राहायचा.

नोला सतरा वर्षांची असताना त्या पायथ्याशी गेली होती. वडील आणि ती, दोघंच. पहाटे निघून दुपारी पोचले. आर्विडनी आधी टोपी काढली, थोडा वेळ उभे राहिले, मग रंगाचा डबा उघडून कुंचला तिच्या हातात दिला. तू मार, म्हणाले. मारताना कुंचला घसरला आणि फुलीचा एक पाय वाकडा गेला. राहू दे, ते म्हणाले, वरून कोण मोजतंय. मग दोघांनी दगडावर बसून ब्राऊन चीज लावलेला ब्रेड खाल्ला आणि ते उतरायला लागले.

"फुली दिसत नाही," ती म्हणाली.

"एकोणतीस वर्षं झाली. ऊन रंग खातं."

"आणि पंखावर बर्फ नाही."

"वाऱ्याने नेला असेल." डॅरलने पुढच्या ढगांकडे पाहिलं. डोंगराची दोन टोकं होती तिथे आता काहीच नव्हतं. "ऐक. खालून एक फेरी मारायची तर आत्ता. पण आत शिरलो की वळायला जागा नाही, आणि तो ढग उतरतोय. तू म्हणालीस तर जातो, कुरकुर करणार नाही. फुली तू मारलीयस. तूच सांग. तोच का?"

तिने काचेला कपाळ टेकलं. रेघ अजून दिसत होती. लहान होत चालली होती. पाच आठवड्यांत वडील तिला कुठेच भेटले नव्हते. घरात नाही, त्यांच्या कपाटात नाही, चर्चच्या बाकावरही नाही. आणि इथे, या ओसाड घळीत, ते टोपी हातात घेऊन उभे होते.

"तोच," ती म्हणाली. "आमचाच आहे."

डॅरलने विमान सरळ केलं. रेडिओवर प्रूने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "ओळखीचे अवशेष. चौदा नंबर. परत येतोय, ढग खाली आलेत."

"समजलं, चौदा नंबर," प्रू म्हणाली. "कॉफी आहे."

"तुझी? मग थोडा वेळ वरच राहतो."

यादी परत खणात सरकवताना नोलाची नजर तळाच्या ओळीवर गेली. ती तिला पाठ होती. पथकातल्या सगळ्यांनाच होती. यादीत असले तरी एकदा खाली उतरून पाहावे. — आ. ट्वेट. तिने कागद उलटा करून ठेवला.

*

हँगरच्या कोपऱ्यात शेगडीशी क्लेम पेट्रिकची मुलगी बसली होती. टेस तिचं नाव, तिशीची असेल. कालपासून ती त्या घडीच्या खुर्चीवरून उठली नव्हती. मांडीवर वडिलांचा दुसरा कोट होता, आल्या आल्या अंगावर घालायला.

तिने काही विचारायच्या आत नोलाच म्हणाली, "दिसलं ते जुनं होतं. फार वर्षांचं. माझ्या वडिलांच्या यादीत आहे."

"म्हणजे बाबांचं नाही."

"नाही."

"बरं झालं," टेस म्हणाली आणि स्वतःशीच हसली. "बघा ना, मी बरं झालं म्हणतेय."

प्रूने भिंतीवरच्या नकाशात आंधळ्या घळीचा चौकोन हिरव्या पेन्सिलीने भरला. हिरवा म्हणजे पाहून झालेला. "उद्या पूर्वेकडे," ती म्हणाली. "हवा देईल तेव्हा. गुरुवारपर्यंत बर्फ म्हणतायत." मग टेसकडे न बघता तिने वाटीभर बीन्सचं कालवण तिच्यापुढे ठेवलं. "दोन घास खा, बाळ. उपाशी राहिलं म्हणून बातमी लवकर येते, अशातला काही भाग नाही."

टेसने चमचा उचलला, ठेवला. "बाबांचं माझ्यासारखं नाही. भारी टापटीप आहेत. विमानावर धुळीचा कण बसू देत नाहीत. सदानकदा हातात फडकं. आई म्हणायची, माझ्यावर कधी इतका हात फिरवला नाही या माणसाने."

प्रू हसली. नोलाही हसली.

"तुमचे वडील?" टेसने विचारलं. "ते आज नाही आले?"

प्रूची पेन्सिल थांबली.

"नाही," नोला म्हणाली. "ते नाही आले."

*

चार वाजता पुन्हा बर्फ सुरू झाला, बारीक, चाळणीतून पडावा तसा. हँगरच्या दाराची चाकं गोठली होती, म्हणून विमान बाहेरच दोरांनी बांधलं होतं. डॅरल लांब दांड्याच्या झाडूने त्याचे पंख झाडत होता. नोला त्याच्यासाठी कॉफी घेऊन बाहेर आली.

"तिची?" त्याने पेल्याकडे संशयाने पाहिलं.

"माझी."

"मग ठेव तिथे. एवढी बाजू होऊ दे. वजन चढलं की पंखाचे सांधे धरतात, गुडघ्यांसारखे."

तो आखडलेल्या खांद्याने झाडत होता. झाडूमागून पत्रा मोकळा होत होता, ओला, करडा, चकचकीत. धावपट्टी पांढरी होती, कुंपण पांढरं होतं, पलीकडच्या ट्रकांचे नुसते उंचवटे झाले होते. साऱ्या आवारात तेवढी एकच सरळ रेघ उघडी होती.

नोलाच्या हातातला पेला कलला. कॉफी हातमोज्यावर सांडली तरी ती तशीच उभी राहिली.

"डॅरल."

"हं."

"दुपारी झाडं कशी होती? घळीतली."

"कशी म्हणजे? लदलेली. एक फांदी हलली नव्हती."

तो झाडतच राहिला. मग त्याचा हात सावकाश झाला.

"वाऱ्याने नेला असेल, असं तू म्हणालास," नोला म्हणाली.

त्याने झाडू पंखावरून उचलला.

"हा पंख असा मोकळा किती वेळ राहतो?"

"असा बर्फ पडत असताना?" त्याने पंखाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. जिथून सुरुवात केली होती तिथे पत्र्याचा रंग आताच फिका पडला होता. "अर्धा तास. फार तर."

"आणि मग?"

"मग पुन्हा कुणीतरी झाडायला लागतं."

हे बोलून झाल्यावर त्याने ते ऐकलं. झाडूचा दांडा त्याच्या हातात तसाच आडवा राहिला. नोलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती डोंगराच्या दिशेने बघत होती. तिकडे आता डोंगर नव्हता, ढग धावपट्टीच्या टोकापर्यंत आला होता. चौदा नंबर तिथेच होता, वाकड्या पायाच्या फुलीसकट, बर्फाखाली, सगळ्या जुन्या गोष्टी असतात तसा. तो आज कुणालाच दिसला नव्हता.

"पेट्रिकने विमानाचा आवाज ऐकला असेल," डॅरल म्हणाला. "आपण कललो तेव्हा. त्याला वाटलं असेल…"

"पायी किती तास?"

"नोला, तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस आणि उन्हाळा होता."

"किती?"

"नऊ. दहा. अंधारात, या बर्फात, मला नाही सांगता येत. आपलीच माणसं गमावू."

"किती जण येतील?"

त्याने झाडू पंखाला टेकवून ठेवला, टोपी काढली, पुन्हा घातली. "मी येतो," तो म्हणाला. "बाकीच्यांना प्रू फोन करेल. पण आधी टेसला सांगावं लागेल ना."

"मी सांगते."

"विचारलं मी होतं. मी नुसता खाली गेलो असतो तर…"

"तू विचारलंस," नोला म्हणाली. "उत्तर मी दिलं."

दाराच्या काचेतून आतली शेगडी दिसत होती. प्रू नकाशासमोर उभी राहून पूर्वेकडचे चौकोन मोजत होती, हिरवी पेन्सिल कानामागे. टेस खुर्चीत वाकून मांडीवरच्या कोटाची घडी मोडत होती आणि नव्याने घालत होती, बाही बाहीला नीट जुळवून. तिने एकदा कोटाच्या पाठीवरून तळहात फिरवला, धूळ झाडावी तसा.

नोलाने हातमोजे काढले, खिशात ठेवले आणि दार ढकललं. उबेचा झोत तिच्या तोंडावर आला. टेसने मान वर केली.

मागे, विमानाच्या झाडलेल्या पंखावर, पुन्हा पांढरं धरायला लागलं होतं.